पोपटाला मिरची तिखट का लागत नाही आणि आप्पांचा नसलेला पाय का दुखतो

मागच्या हिवाळ्यात अमळनेरजवळच्या आमच्या शेतात भरीत पार्टी होती. खान्देशात थंडी पडली की हे ठरलेलंच असतं, कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात भरताची हिरवी वांगी भाजायची, मिरच्याही तिथंच भाजून घ्यायच्या आणि मग सगळं लाकडी बडगीत ठेचायचं. तर माझा भाचा, पाचवीतला, त्याने शेंग समजून कच्ची मिरची कचकन चावली आणि मग काय, डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, नुसता उड्या मारतोय. गूळ खाऊन जरा शांत झाला तेव्हा त्याचं लक्ष बांधाकडच्या मिरचीच्या झाडांकडे गेलं, तिथं दोन पोपट आरामात मिरच्या कुरतडत बसले होते. "मामा, त्यांना नाही का लागत तिखट?"

याचं उत्तर विज्ञानाकडे आहे आणि फार छान आहे. मिरचीत कॅप्सेसिन नावाचं द्रव्य असतं आणि आपल्या जिभेत, तोंडाच्या आतल्या त्वचेत ज्या बारीक नसा असतात त्यांच्या टोकाला एक दारासारखं प्रथिन असतं. हे दार खरं तर उष्णतेसाठी आहे, साधारण ४३ अंशाच्या वर तापमान गेलं की ते उघडतं आणि मेंदूला निरोप जातो की पोळतंय. कॅप्सेसिन त्याच दारात जाऊन बसतं आणि थंड तोंडातसुद्धा ते उघडतं. म्हणजे तिखट ही गोड-खारटासारखी चव नाहीच, ती पोळल्याची वेदना आहे, आपण "तोंडात जाळ झाला" म्हणतो ते अगदी शब्दशः बरोबर आहे. हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने १९९७ मध्ये शोधलं आणि त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पक्ष्यांमध्येही असं दार असतं, पण त्याची घडण थोडी वेगळी आहे, कॅप्सेसिनने ते उघडत नाही. म्हणून पक्षी मिरची खातात, त्यातले बरेच बी लांब नेऊन टाकतात, मिरचीचाही फायदा.

भाच्याला एवढं सांगितलं, तो खूश झाला आणि खेळायला गेला. मी मात्र तिथंच अडकलो, कारण मी त्याला दाराबद्दल सांगितलं, नसेबद्दल सांगितलं, मेंदूबद्दल सांगितलं, पण त्याला जे *लागलं* त्याबद्दल मी एक शब्दही सांगितला नव्हता.

जरा नीट बघू. दार उघडलं, विजेचा अगदी बारीक संदेश नसेतून निघाला, मेंदूच्या बुंध्यात पोचला, तिथून वर थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या मधल्या, निरोप पुढे वाटणाऱ्या भागात, तिथून मेंदूच्या सालीतल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, दोन-चार भागांत. डोळ्यातल्या ग्रंथींना हुकूम गेला, पाणी आलं. हात पुढे झाला, गूळ उचलला. यातली प्रत्येक पायरी शोधता येते, बरीचशी शोधूनही झाली आहे. पण या सगळ्या रांगेत "आई गं" ही जी आतली आग आहे ती नेमकी कुठल्या पायरीवर आली? आणि का आली? तिच्याशिवायही पाणी आलं असतं, हात पुढे झाला असता. घरातला फ्रिज गरम झाला की कॉम्प्रेसर चालू करतो, त्याला काही लागत नाही, किंवा निदान आपण तसं मानतो.

ऑस्ट्रेलियाचे तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत टुसॉनच्या परिषदेत हेच मांडलं आणि पुढच्या वर्षी त्यावर लेख लिहिला. ते म्हणाले, मेंदू माहिती कशी घेतो, लक्ष कसं देतो, हात कसा हलवतो, झोप-जाग कशी होते, हे सोपे प्रश्न. सोपे म्हणजे खरंच सोपे नाहीत हां, शंभर वर्षं लागतील कदाचित, पण काय शोधायचं आणि कसं शोधायचं ते माहीत आहे. अवघड प्रश्न एकच, हे सगळं चालू असताना *आतून काहीतरी वाटतं* ते का? अंधारात, बिनबोभाट का नाही चालत हे सगळं?

पण ही शंका जुनी आहे. १७१४ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायबनित्स यांनी लिहिलं की समजा विचार करणारं, जाणणारं एक यंत्र आहे आणि ते एवढं मोठं केलं की गिरणीत शिरतो तसं आपण त्यात शिरू शकतो, तर आत काय दिसेल? एकमेकांना ढकलणारे भाग, बस. आपल्या गावातली पिठाची गिरणी डोळ्यापुढे आणा, पट्टा फिरतोय, जातं फिरतंय, पीठ पडतंय, सगळं दिसतं, कशाने काय होतं तेही कळतं. मेंदूच्या गिरणीत तसेच शिरलो तर पेशी दिसतील, रसायनं दिसतील, वीज दिसेल. तिखट कुठंच दिसणार नाही.

इथं मला मराठीचीच एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपण "मी दुखतो" म्हणत नाही, "मला दुखतं" म्हणतो. मला तिखट लागलं, मला थंडी वाजतेय, मला वाईट वाटलं. आमच्या अहिराणीत "माले". म्हणजे भाषेनेच सांगून ठेवलंय की कुणाला तरी झाल्याशिवाय दुखणं नसतं. आणि यंत्रात, स्कॅनमध्ये, गिरणीत जे सापडत नाही ते हेच, हे "माले".

आता आप्पांचं सांगतो. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. शुगरमुळे पायाची जखम चिघळली आणि चार वर्षांपूर्वी डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ऑपरेशननंतर आठवड्याभरात रात्री दोन वाजता त्यांनी काकूला उठवलं, "पाय दुखी र्‍हायना." काकूला वाटलं उजवा. तर म्हणे नाही, डावा, अंगठ्याजवळ, जसं कुणी पिरगाळतंय. पाय तर दवाखान्यात गेला, मग अंगठा कुठला? तपासायला गेलो तिथं एकाने सांगितलं की मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका. आप्पा तिथं काही बोलले नाहीत, घरी आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुले काय माहित, माले कसं लागस ते."

मला ते वाक्य आजपर्यंत विसरता आलेलं नाही. कारण तत्त्वज्ञानाचा अख्खा अवघड प्रश्न त्यात आहे आणि दवाखान्यातला तो सल्ला चुकीचा होता हेही त्यात आहे. हात किंवा पाय कापलेल्यांपैकी बहुतेकांना तो अवयव अजून जाणवतो, बऱ्याच जणांना दुखतो, १८७१ मध्ये अमेरिकन डॉक्टर वीअर मिचेल यांनी त्याला भुताचा अवयव अशा अर्थाचं नाव दिलं. मेंदूच्या सालीवर शरीराचा एक नकाशा असतो, पायाचा एक भाग, हाताचा एक, चेहऱ्याचा एक. पाय गेला तरी नकाशातली पायाची जागा जात नाही, आणि कापलेल्या नसांची टोकंही अधूनमधून संदेश पाठवत राहतात. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की हात गेलेल्या काही जणांच्या गालाला हात लावला की त्यांना तो नसलेल्या हातावर लागल्यासारखा वाटतो, कारण नकाशात चेहरा आणि हात शेजारी-शेजारी आहेत. त्यांनीच आरशाची पेटी वापरली, धडधाकट हात आरशात असा दाखवायचा की गेलेला हातच हलतोय असं दिसावं. काहींचं दुखणं त्याने कमी झालं, सगळ्यांचं नाही.

मग लोक लगेच म्हणतात, झालं ना सिद्ध, दुखणं पायात नसतं, मेंदूत असतं, सगळं मेंदूच आहे. अर्धं बरोबर आहे. मेंदूशिवाय जाणीव होते असं कुठं दिसलेलं नाही आणि मेंदूला जरा धक्का लागला की जाणीव बदलते. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टन यांनी इथर हुंगवून माणसाला लोकांसमोर भूल दिली तेव्हापासून आपल्याला हे रोजच दिसतं. झोपेतून उठल्यावर निदान वेळ गेल्यासारखं वाटतं, भूल उतरली की तेही नाही, आप्पा म्हणाले डोळा मिटला नि उघडला, मधलं काहीच नाही. थोडंसं रसायन आणि माणूस "आत" नाही. आत्मा शरीराहून पूर्ण वेगळा आहे असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करायलाच पाहिजे. फ्रान्सचे तत्त्वज्ञ देकार्त म्हणत मन वेगळं आणि शरीर वेगळं, तेव्हा बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथ यांनी १६४३ मध्ये त्यांना पत्रातून सरळ विचारलं, की ज्याला आकार नाही, जागा नाही, ते मन शरीराला ढकलतं कसं? देकार्त यांना याचं धड उत्तर कधीच देता आलं नाही. मला विचाराल तर या सगळ्या वादातला सगळ्यात धारदार प्रश्न त्या बाईंचाच होता.

पण "सगळं मेंदूच" म्हणणाऱ्यांची पण अडचण आहे, कारण मेंदू म्हणजे नुसत्या पेशींचा ढीग असता आणि पेशी जास्त म्हणजे जाणीव जास्त असं असतं, तर एक गोष्ट अजिबात जुळली नसती. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी आहेत, त्यातल्या जवळपास ६९ अब्ज मागच्या लहान मेंदूत आहेत, वरच्या सालीत फक्त १६ अब्ज. आणि लहान मेंदू जन्मापासून नसलेली माणसं असतात! चीनमधल्या २४ वर्षांच्या एका बाईंची माहिती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, चालायला, बोलायला उशीर झाला, तोल जायचा, पण बाई व्यवस्थित जाग्या, बोलणाऱ्या, जाणणाऱ्या. म्हणजे बहुसंख्य पेशी नसल्या तरी जाणीव आहे. मग उरलेल्या पेशींमध्ये असं काय खास आहे? पेशी त्याच, रसायनं साधारण तीच.

दुसरी गोष्ट आणखी चक्रावणारी. ऑक्सफर्डचे लॉरेन्स वाइस्क्रांट्झ यांनी १९७० च्या दशकात एका पेशंटवर काम केलं, त्याच्या मेंदूतला दृष्टीचा एका बाजूचा भाग ऑपरेशनमध्ये काढला होता. त्या बाजूचं त्याला काहीच दिसत नव्हतं, तो स्वतःच सांगायचा दिसत नाही म्हणून. पण त्याला म्हटलं की अंदाजाने बोट दाखव, रेघ उभी आहे का आडवी ते अंदाजाने सांग, तर तो इतक्या वेळा बरोबर सांगायचा की नशीब म्हणताच येणार नाही. म्हणजे बघण्याचं काम चालू होतं, बघण्याचा अनुभव नव्हता. काम आणि अनुभव या दोन गोष्टी वेगळ्या होऊ शकतात हे पुस्तकातून पटत नाही तेवढं या एका पेशंटवरून पटतं.

आता जरा घराजवळ. आमच्या अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था. गिरणीचे मालक होते ते, आणि लायबनित्स यांची गिरणी वाचताना मला दर वेळी हे आठवतं. साने गुरुजी आधी इथंच शिकायला आले होते, मग शाळेत मास्तर झाले. घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती, कृष्णचंद्र भट्टाचार्य असे मोठे तत्त्वज्ञ इथं राहून गेले, आणि त्यांचा मुख्य विषयच हा होता की जाणणारा म्हणजे कोण. गावातल्या पोरांना त्या इमारतीचं नाव माहीत असतं, आत काय चाललं होतं ते माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भारतीय परंपरा म्हणजे सगळे आत्मावादी असं नाही बरं का. चार्वाक म्हणायचे की जाणीव शरीरातूनच येते. कशी? धान्य किंवा गूळ आंबवला की नशा तयार होते तशी, सुट्ट्या सुट्ट्या कुठल्याच वस्तूत नशा नसते. सातपुड्यात मोहाची फुलं वेचणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको, फूल गोड लागतं, दारू नंतर बनते. त्यांचाच दुसरा दाखला पानाचा, पान हिरवं, सुपारी तपकिरी, चुना पांढरा, चावलं की लाल. एकत्र आल्यावर नवीन गुण येतो. आजचे बरेच मेंदूवाले शास्त्रज्ञ थोड्याफार फरकाने हेच म्हणतात. पण दाखल्यात एक फट आहे. चुन्याने सुपारीतल्या द्रव्यांचा रंग का बदलतो ते रसायनशास्त्र पूर्ण सांगू शकतं, एकदा कळलं की मागे काही उरत नाही. तिखटाचं तसं होत नाही, सगळं सांगून झालं तरी "पण मग *लागतं* ते का" हे उरतंच.

सांख्य दर्शनाने तर फार वेगळी रेघ मारली. आपण साधारण शरीर एकीकडे आणि मन-बुद्धी दुसरीकडे ठेवतो. सांख्य म्हणतं, मन, बुद्धी, अहंकार हे सगळं प्रकृतीतच, म्हणजे जड बाजूला, आणि पुरुष म्हणजे नुसता पाहणारा. विचार करणं, आठवणं, ठरवणं ही यंत्राचीच कामं, फक्त जाणीव वेगळी. चामर्स यांचे सोपे प्रश्न आणि अवघड प्रश्न जिथं वेगळे होतात जवळपास तिथंच ही रेघ आहे. एलिझाबेथबाईंचा प्रश्न मात्र इथंही सुटत नाही, नुसता पाहणारा आणि यंत्र यांचा संबंध कसा लागतो हे सांख्यांनाही दाखले देऊनच सांगावं लागलं.

आणि भट्टाचार्य. त्यांचं १९३० चं पुस्तक अमळनेरच्या या संस्थेनेच छापलं. वाचायला फार कठीण आहे, मी अजून अडखळतच वाचतो, पण त्यात एक गोष्ट अशी आहे की आप्पांमुळे मला ती चटकन कळली. बाहेरून दिसणारं शरीर एक आणि आतून जाणवणारं शरीर दुसरं, दोन्ही "माझं शरीर"च, पण एकाच तऱ्हेने माझं नाही. आप्पांचं दिसणारं शरीर डाव्या गुडघ्याखाली संपतं, जाणवणारं शरीर अंगठ्यापर्यंत जातं.

सध्या काय चाललंय तेही थोडक्यात सांगतो. एक मत असं की मेंदूत बरीच कामं बिनजाणिवेची चालतात आणि एखादी माहिती सगळ्या भागांना एकदम कळवली गेली की ती जाणिवेत येते, गावात दवंडी पिटल्यासारखं. बर्नार्ड बार्स यांनी १९८८ मध्ये मांडलं, स्टॅनिस्लास डेहेन यांनी पुढे नेलं. दुसरं मत जुलिओ टोनोनी यांचं, २००४ पासूनचं, की एखाद्या रचनेचे भाग एकमेकांत इतके गुंतलेत की ती तोडली तर काहीतरी हरवतं, त्या गुंतण्याचं माप म्हणजेच जाणीव. लहान मेंदूत पेशी भरपूर पण सुट्ट्या सुट्ट्या पट्ट्यांत, म्हणून तिथं जाणीव नाही, हा मुद्दा या मताने छान सुटतो. पण मग एखाद्या साध्या जाळीदार यंत्रालाही थोडी जाणीव आहे असं म्हणावं लागतं, आणि २०२३ मध्ये शंभरावर संशोधकांनी पत्र काढून याला विज्ञानच म्हणायला नकार दिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एक पैजही संपली, मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ मध्ये चामर्स यांच्याशी लावली होती की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल. कॉख यांनी स्टेजवर हार मानली आणि वाइनच्या बाटल्या दिल्या.

माझं मत विचाराल तर दवंडीचं मत मला मेंदूच्या कामाबद्दलचं वाटतं, अनुभवाबद्दलचं नाही वाटत. दवंडी सगळीकडे पोचली हे कळलं, पण ती *ऐकू* का येते हे कुठं कळलं? आणि काही तत्त्वज्ञ म्हणतात की हा आतला अनुभव असा काही नसतोच, तसा आहे असं मेंदू आपल्याला भासवतो. मी हे समजून घ्यायचा खरंच प्रयत्न केला. पण भास झाला म्हणजे कुणाला तरी काहीतरी वाटलंच ना. रात्री दोन वाजता आप्पांना "हा भास आहे" सांगितल्याने वेदनेतला एक कणही कमी होत नाही, पाय हा भास असेल, दुखणं भास नाही.

आणि हे सगळं रिकाम्या वेळेच्या गप्पा आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी २००६ ची ही गोष्ट ऐका. एड्रियन ओवेन यांच्या टीमसमोर २३ वर्षांची मुलगी होती, रस्त्यावरच्या अपघातानंतर पाच महिने काहीच प्रतिसाद नाही, डॉक्टरांच्या भाषेत जाणीव नसलेली. तिला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं की तू टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर, मग सांगितलं की घरातल्या खोल्यांमधून फिरतेयस अशी कर. दोन्ही वेळा मेंदूतले तेच भाग पेटले जे शुद्धीतल्या माणसाचे पेटतात. ती ऐकत होती. पुढे २०२४ मध्ये अशाच मोठ्या अभ्यासात सांगितलेलं काहीच करून न दाखवणारे २४१ पेशंट तपासले, त्यातल्या ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळल्याची खूण दिली. चारात एक. या लोकांच्या खाटेजवळ उभं राहून नातेवाईक काय काय बोलले असतील याचा विचार केला की पोटात खड्डा पडतो. आणि लक्षात घ्या, स्कॅननेही "माले" दाखवलं नाही, त्याने फक्त एवढं दाखवलं की विचारलं तर आतून कुणीतरी उत्तर देतंय.

पोपटाला तर विचारताही येत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७४ मध्ये वटवाघुळाबद्दल हेच लिहिलं, की त्याचा मेंदू, कान, आवाजाचे पडसाद सगळं समजलं तरी वटवाघूळ *असणं* कसं लागतं ते त्याचं त्यालाच. मी भाच्याला पोपटाचं दार उघडत नाही एवढं खात्रीने सांगू शकलो. ती मिरची त्याला गोड लागते, आंबट लागते, का आपल्याकडे शब्दच नाही असं काहीतरी लागते, हे त्याने विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

आप्पांसाठी आम्ही आरशाचा प्रयोग घरीच केला, कपाटाचा जुना आरसा दोन पायांच्या मध्ये उभा धरून. महिनाभर केला, फार फरक पडला नाही. मग एका रात्री डावं पाऊल खाजतंय म्हणून ते तळमळत होते, तर काकू उठल्या, जिथं पाऊल असतं तिथं गादीवर, रिकाम्या चादरीवर त्यांनी हळूहळू नखांनी खाजवलं. आप्पा बघत होते. "जरा वर," म्हणाले. काकूंनी हात जरा वर घेतला. थोड्या वेळाने आप्पांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आते बरं वाटनं."